छोट्या जातीच्या कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची की स्पे करायचं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच छोट्या जातीची फिमेल आलीये त्यांना साधारण सहा-सात महिन्यांनी हाच प्रश्न पडतो आणि मग घरातले, शेजारचे, फिरायला भेटणारे सगळे आपापलं सांगायला लागतात. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरी एक चिमुकली आहे, चिमी, आणि तिच्या वेळी जेवढं वाचलं, व्हेटना (जनावरांच्या डॉक्टरांना) विचारलं ते सगळं इथे एकत्र लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, ब्रीडिंगचं ठोस कारण नसेल तर स्पे (पिल्लं होऊ नयेत म्हणून करायचं ऑपरेशन) करा, आणि छोट्या कुत्रीच्या बाबतीत तर नक्कीच करा. का ते खाली वाचा.

स्पे म्हणजे नक्की काय करतात?

पूर्ण भूल देऊन पोटावर छोटा छेद घेतात आणि दोन्ही ओव्हरी (अंडाशय) काढतात, बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. काही व्हेट फक्त ओव्हरी काढतात, गर्भाशय निरोगी असेल तर तेही चालतं कारण हार्मोनच बंद झाल्यावर हीट येत नाही (म्हणजे ती माजावर येत नाही) आणि पुढचे त्रासही जवळपास संपतात. दुर्बिणीतूनही करतात, छेद लहान असतो आणि दुखतं कमी, पण इतक्या बारक्या कुत्रीसाठी त्या डॉक्टरांचा हात त्यावर बसलेला आहे का ते विचारा. एक मात्र स्पष्ट विचारून घ्या, दोन्ही ओव्हरी पूर्ण काढणार ना? नुसत्या नळ्या बांधल्या किंवा नुसतं गर्भाशय काढलं तर पिल्लं होणार नाहीत, पण हीट येतच राहील आणि हार्मोनमुळे होणारे आजारही राहतील. ओव्हरीचा बारीकसा तुकडा आत राहिला तरी हीट परत दिसू शकते.

एकदा तरी पिल्लं होऊ द्यावी, नाहीतर तिची तब्येत बिघडते म्हणतात. खरं आहे का?

नाही. हे इतक्या ठामपणे आणि इतक्या प्रेमाने सांगितलं जातं की नाही म्हणायला जड जातं, पण एक बाळंतपण झालं म्हणून पुढे कुठला आजार टळतो असं काही नाही. एकदा पिल्लं झालेल्या फिमेलनाही पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं) होतो, गाठी होतात. धोका वाढतो तो एकामागून एक येणाऱ्या हीटमुळे.

आणि "आई होण्याचं सुख" म्हणाल तर हीटमध्ये तिला जे वाटतं ते हार्मोनचं काम असतं. स्पे झालेली कुत्री आपल्याला पिल्लं झाली नाहीत म्हणून झुरत बसत नाही. तिला फिरायला जायचं असतं, तुमच्या मांडीवर बसायचं असतं. घरातल्या मोठ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो, त्यांच्याशी वाद घालू नका, एकदा व्हेटकडे सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बराच फरक पडतो.

पायोमेट्रा म्हणजे काय? सगळे त्याचीच भीती का घालतात?

कारण तो गुपचूप येतो आणि जीव घेऊ शकतो. कुत्रीची हीट संपली की ती गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन पुढे जवळजवळ दोन महिने चढलेलं राहतं. त्यामुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं, त्यात स्राव साठतो, तोंड मिटतं आणि तिथली जंतूंशी लढायची ताकद कमी होते. हीटच्या दिवसांत खालून जे जंतू वर गेलेले असतात त्यांना आयतीच जागा मिळते आणि गर्भाशयात पू भरायला लागतो. हे साधारण हीटनंतर ४ ते ८ आठवड्यांत होतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा घरात सगळे हीट संपली म्हणून निवांत झालेले असतात.

लक्षणं सुरुवातीला अगदी साधी असतात. पाणी जास्त पिते, सारखी शू करते, जेवण टाकते, मरगळून पडते, उलटी होते. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर खालून घाण वासाचा स्राव येतो, पण छोट्या कुत्र्या इतकं चाटून साफ करतात की तोही दिसत नाही. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही आणि सगळं विष आतच राहतं, हा प्रकार जास्त धोक्याचा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंची पॉमेरेनियन अशीच दोन दिवस "पोट बिघडलंय" म्हणून कोपऱ्यात पडून होती, वाटीतलं पाणी मात्र भरलं की संपत होतं. सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने फुगलेलं दिसलं आणि त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं. वाचली ती, पण ताप, उलट्या, कमी झालेला रक्तदाब, अशा अवस्थेत तिला भूल द्यावी लागली.

स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींवरून अभ्यास झालाय, त्यात स्पे न केलेल्या फिमेलपैकी जवळपास पाव जणींना वयाच्या १० वर्षांपर्यंत पायोमेट्रा झालेला दिसला. आणि शेवटी उपाय काय, तर तेच स्पेचं ऑपरेशन, फक्त आजारी शरीरावर आणि घाईघाईत. ते ठणठणीत असताना शांतपणे केलेलं केव्हाही बरं.

स्पे केल्याने ब्रेस्ट कॅन्सर टळतो हे कितपत खरं?

१९६९ च्या एका जुन्या अमेरिकन अभ्यासातले आकडे सगळीकडे फिरतात, पहिल्या हीटच्या आधी स्पे केलं तर स्पे न केलेलीच्या तुलनेत धोका ०.५ टक्के, एका हीटनंतर ८ टक्के, दोन किंवा जास्त हीटनंतर २६ टक्के. २०१२ मध्ये संशोधकांनी असे सगळे अभ्यास परत तपासले आणि पुरावा म्हणावा तेवढा भक्कम नाही असं म्हटलं. त्यामुळे त्या आकड्यांना देववाणी समजू नका. पण लवकर स्पे केलेल्या फिमेलमध्ये स्तनाच्या गाठी फार क्वचित दिसतात हा व्हेटचा रोजचा अनुभव आहे. गाठी झाल्याच तर साधारण अर्ध्या घातक निघतात, छोट्या जातींत ते प्रमाण त्यातल्या त्यात कमी. स्पे केलेली असो नसो, महिन्यातून एकदा ती उताणी पडून पोट खाजवून घेत असताना स्तनांच्या दोन्ही रांगांवरून बोटं फिरवा, वाटाण्याएवढी गाठ लागली तरी दाखवा.

छोट्या जातीत डिलिव्हरी खरंच इतकी रिस्की असते का? कुत्र्या तर आपोआप वितात.

रस्त्यावरची मध्यम बांध्याची कुत्री आणि आपली दोन-तीन किलोची चिहुआहुआ यांची तुलनाच होत नाही. छोट्या जातींत पिल्लं कमी असतात, कधीकधी एकच असतं, आणि एकटं पिल्लू पोटात मोठं होतं. आईचं कमरेचं हाड चिमुकलं, पिल्लाचं डोकं मोठं, अडकतं. शिवाय एकच पिल्लू असलं की कळा नीट सुरूच न होण्याचीही शक्यता असते. चपट्या नाकाच्या जातींत तर हे आणखी जास्त, बोस्टन टेरियर आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये बहुतेक डिलिव्हऱ्या सिझेरियननेच होतात. म्हणजे ऑपरेशन नको म्हणून स्पे टाळायचं आणि मध्यरात्री सिझेरियनसाठी धावायचं, असं होऊन बसतं.

पिल्लं सुखरूप झाली तरी पुढे एक्लॅम्प्सिया असतो, त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते म्हणून जरा सविस्तर सांगते. पिल्लांना दूध पाजताना आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं, बहुतेक वेळा बाळंत झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत, आणि छोट्या जातींत हे जास्त होतं. ती अस्वस्थ होते, जोरजोरात धापा टाकते, पाय ताठ होतात, थरथरते, मग फिट येते. लगेच शिरेतून कॅल्शियम मिळालं नाही तर जीवावर बेततं. बरं, हे टाळायला म्हणून गाभण असतानाच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करणं उलटच पडतं, कारण शरीर स्वतःच्या हाडातून कॅल्शियम काढायची यंत्रणा आळशी करून टाकतं.

आणि पिल्लं. खूप छोट्या जातीचं नवजात पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, साखर झटकन उतरते. आईला दूध कमी असेल किंवा तिने जवळ घेतलं नाही तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तुम्हालाच पाजावं लागतं, चोळून शी-शू करवावी लागते, रोज वजन करावं लागतं. एवढं करूनही पहिल्या आठवड्यात एखादं पिल्लू हातात जातं. घरात लहान मुलं असतील तर हेही डोळ्यासमोर ठेवा, कारण "मुलांना पिल्लांचा जन्म बघायला मिळेल" हे कारण मी बऱ्याच वेळा ऐकलंय.

पण आमची इतकी गुणी आहे, तिच्यासारखं एक पिल्लू हवंय. त्यात काय चुकलं?

चुकलं काहीच नाही, ही भावना मला अगदी आतून कळते. छोट्या कुत्रीचं आयुष्य बारा-पंधरा वर्षांचं, आणि तिच्यामागे तिचं काहीतरी राहावं असं वाटणारच. पण पिल्लू तिची कॉपी नसतं. अर्धं नराकडून येतं, आणि तिचा जो स्वभाव तुम्हाला आवडतो त्यातलं कितीतरी तुमच्या घरात, तुमच्या हाताखाली तयार झालंय.

त्यात छोट्या जातींचे स्वतःचे वारशाने येणारे त्रास आहेत, गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनलिका चपटी होणं, हिप जॉइंटचं हाड झिजणं, हृदयाची झडप, डोळ्यांचे आजार. चालताना मध्येच तीन पायांवर उडी मारत जाते आणि मग परत नीट चालते, हे बघून आपण हसतो, पण ती बऱ्याचदा वाटी सरकल्याची खूण असते आणि अशा कुत्रीला ब्रीड करूच नये. जे लोक जबाबदारीने ब्रीडिंग करतात ते नर-मादी दोघांचे गुडघे, डोळे, हृदय तपासून घेतात, मागच्या पिढ्यांचे आजार माहीत करून घेतात, पिल्लं जन्मायच्या आधी त्यांची घरं ठरवतात आणि पुढे कधीही कोणाला नको झालं तर पिल्लू परत घेतात. हे सगळं करायची तयारी असेल तर वेगळी गोष्ट. "शेजारचा नर पण त्याच जातीचा आहे" एवढ्यावर ठरवू नका.

पिल्लं विकून खर्च तरी निघेल ना?

नीट करायचं ठरवलं तर सहसा निघत नाही. तपासण्या, सोनोग्राफी, सिझेरियन झालंच तर ते, आईचं खाणं, पिल्लांची जंताची औषधं, पहिलं लसीकरण, आणि किमान आठ आठवडे आईजवळ ठेवायचं. पैसे उरतात ते यातलं काहीतरी गाळल्यावर.

कोणत्या वयात करायचं? कोणी म्हणतं सहा महिने, कोणी म्हणतं दोन वर्षं थांबा.

दोन्ही सल्ले खरे आहेत पण वेगवेगळ्या कुत्र्यांसाठी. मोठ्या जातींत हाडं-सांधे तयार व्हायला वेळ लागतो आणि लवकर स्पे केलं तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात, म्हणून तिथे थांबायला सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या टीमने २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास छापला, त्यात छोट्या जातींत लवकर ऑपरेशनमुळे सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनची शिफारसही अशीच आहे, मोठेपणी साधारण २० किलोच्या आत राहणाऱ्या फिमेलचं स्पे पहिल्या हीटच्या आधी करावं. छोट्या जातींत पहिली हीट सहा महिन्यांच्या आसपास कधीही येते, म्हणून पाच महिन्यांची झाली की व्हेटशी बोलून ठेवा.

एक अपवाद, लहानपणी खालच्या जागी सारखं इन्फेक्शन होत असेल किंवा ती जागा कातडीत आत दबलेली असेल तर काही डॉक्टर एक हीट होऊ द्यायला सांगतात. त्यांचं ऐका.

हीट होऊन गेली असेल तर दोन ते तीन महिने थांबून करतात. हीट चालू असताना तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होऊ शकतो.

आणि एक काम एकाच भुलीत उरकून घ्या. छोट्या जातींत बऱ्याचदा दुधाचे सुळे पडतच नाहीत, पक्क्या सुळ्याला चिकटून डबल दात दिसतात. बेंबीचा हर्नियाही असतो कधी. स्पेच्या वेळीच हे करून घेतलं की परत भूल नको.

हीट संपून दीड-दोन महिने झाले, आता ती खेळणी गोळा करून बसते, दूध पण आलंय. गाभण आहे का?

मेटिंग झालंच नसेल तर हे खोटं गरोदरपण. चिमी आमच्याकडे आली तेव्हा तिची एक हीट आधीच होऊन गेलेली होती आणि काही आठवड्यांतच तिने पलंगाखाली मोज्यांचा ढीग रचला, त्यावर वेटोळं करून झोपायची, एक निळा मोजा सारखा चाटून ओला करायची आणि कोणी वाकून बघितलं की गुरगुरायची. एरवी कोणावर आवाज न चढवणारी पोर. बघवत नव्हतं, इतकी बेचैन असायची. हा आजार नाही, हार्मोनच्या उतारामुळे होतं आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक आपोआप जातं. दूध पिळू नका, स्तन दाबू नका, त्याने दूध वाढतं. तिने जमवलेल्या वस्तू ती बाहेर गेली की हळूच उचला, फिरणं वाढवा. फार त्रास असेल तर व्हेट त्यावर औषध देतात. आणि हे पूर्ण संपल्याशिवाय स्पे करू नका, नाहीतर तीच अवस्था लांबत राहू शकते.

एवढीशी आहे, भूल सहन होईल का?

सगळ्यात जास्त भीती हीच असते. ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात निरोगी कुत्र्यांत भुलीमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक होतं. खूप कमी वजनाच्या कुत्र्यांत धोका थोडा जास्त असतो हेही खरं, कारण छोटं अंग पटकन गार पडतं, रक्तातली साखर उतरते आणि औषधाचा डोस अगदी मोजून द्यावा लागतो. म्हणून कुठे करायचं ते बघून ठरवा. आधी रक्ततपासणी करता का, शिरेत सलाईनची सुई असते का, श्वासनलिकेत नळी घालता का, ऑपरेशनभर ऑक्सिजन-हार्टरेट-तापमान कोण बघतं, अंग गरम ठेवायला काय करता, जाग येईपर्यंत शेजारी माणूस असतं का, घरी जाताना वेदनेचं औषध देता का, हे सगळं बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या असतील तर शुद्धीवर येतानाचा वेळ जास्त जपायचा असतो.

उपाशी किती ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच. पाच-सहा महिन्यांच्या चिमुकलीला आपल्या मनाने रात्रभर आणि वर अर्धा दिवस उपाशी ठेवलं तर साखर उतरते.

नंतर जाड होते, आळशी होते, स्वभाव बदलतो असं ऐकलंय.

जाडीचं खरं आहे, पण ते आपल्या हातात आहे. स्पे नंतर शरीराची गरज साधारण वीस ते तीस टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे वाटी तेवढीच ठेवली तर वजन चढणारच. पहिल्या आठवड्यापासून मोजून द्या, दर पंधरा दिवसांनी वजन करा. तीन किलोच्या कुत्रीला तीनशे ग्रॅम वाढणं म्हणजे दहा टक्के वाढणं, आणि गुडघ्याच्या वाटीचा त्रास असेल तर तेवढंही जाणवतं.

स्वभाव तोच राहतो, राखण करणारी भुंकतच राहते, खेळणारी खेळतच राहते. मात्र मुळातच खूप घाबरट असेल, अनोळखी माणसं बघून थरथरत असेल तर व्हेटना ते आधी सांगा, अशा काही जणींबाबत ते थोडं थांबून करायला सांगू शकतात.

लघवी गळायला लागते का?

काही फिमेलना होतं, झोपेत गादी ओली होते. पण हे मुख्यतः मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत दिसतं, छोट्यांत कमी, आणि औषधाने बहुतेक आटोक्यात येतं.

ऑपरेशनऐवजी हीट थांबवायचं इंजेक्शन दिलं तर?

कृपा करून नको. ही बहुतेक प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं असतात, म्हणजे वर पायोमेट्रात जे हार्मोन सांगितलं तेच बाहेरून देणं. पायोमेट्रा, स्तनाच्या गाठी, डायबेटीस या सगळ्यांचा धोका वाढतो.

चुकून मेटिंग झालं, आता काय?

दोघं अडकलेले असतील तर ओढू नका, दोघांनाही इजा होते, अर्धा तास लागला तरी आपोआप सुटतात. त्याच दिवशी व्हेटना फोन करा. नर तिच्यापेक्षा बराच मोठा असेल तर उशीर अजिबात करू नका, मोठ्या पिल्लांची डिलिव्हरी तिला झेपणार नाही. गर्भ थांबवायची औषधं असतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, किंवा सरळ स्पे करता येतं. घरी नर असेल आणि त्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तरी पुढचे काही आठवडे त्याला तिच्यापासून लांबच ठेवा.

ऑपरेशननंतर घरी काय काळजी घ्यायची?

पहिली रात्र ती गुंगीत, कण्हत, भेलकांडत जाईल, ते बघून पोटात कालवतं पण सकाळपर्यंत बरंच निवळतं. जमिनीवरच अंथरूण घाला, ऊबदार ठेवा, थोडंसं हलकं खायला द्या. कोन (चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालायचा शंकू) किंवा बॉडीसूट दहा ते चौदा दिवस, दया येऊन काढू नका, टाके उसवायला तिला दोन मिनिटं पुरतात. तेवढे दिवस सोफ्यावर उडी नाही, जिना नाही, पळापळ नाही, अंघोळ नाही, शी-शूसाठी पट्ट्यावर बाहेर. अडचण अशी की तिसऱ्या दिवशीच ती ठणठणीत वाटते आणि उड्या मारायला बघते, तेव्हाच जास्त लक्ष ठेवायचं.

रोज उजेडात टाक्याची जागा बघा, शक्य असेल तर फोटो काढून ठेवा म्हणजे फरक कळतो. थोडी लाली, थोडी सूज चालते. रक्त किंवा पू येणं, जागा उघडणं, हिरड्या पांढऱ्याफटक दिसणं, सारख्या उलट्या, दुसऱ्या दिवशीही न उठणं, पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची आपली एक गोळी एवढ्या छोट्या कुत्रीला घातक ठरू शकते.

आमची सात-आठ वर्षांची आहे, आता उशीर झाला का?

नाही झाला. गाठींबाबतचा फायदा आता कमी असेल, पण पायोमेट्राचा धोका वयाबरोबर वाढतच जातो त्यामुळे तो टाळण्यापुरतं तरी नक्की विचार करण्यासारखं आहे. आधी रक्त, किडनी-लिव्हर, हृदय तपासून घ्या, छोट्या जातींत या वयात झडपेचा त्रास सुरू झालेला असतो आणि भूल त्याप्रमाणे ठरवावी लागते. गर्भाशयाची सोनोग्राफी करा, स्तनांत गाठ असेल तर ती त्याच वेळी काढता येईल का विचारा. मागची हीट कधी संपली ती तारीख लिहून न्या, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.